कापलेल्या मक्यात डिकॉय मांडताना: मिनेसोटातला माझा पहिला गूज हंगाम

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरमध्ये राहणाऱ्याला कॅनडा गूज, म्हणजे हंसासारखे मोठे रानपक्षी, बघायला मुद्दाम कुठे जावं लागत नाही. सिल्व्हर लेकच्या काठावर, शाळांच्या मैदानांवर, ऑफिसांच्या हिरवळीवर त्या असतातच. जानेवारी १९६२ मध्ये याच तळ्यावर हॅरॉल्ड हॅन्सन या पक्षिशास्त्रज्ञाला ‘जायंट कॅनडा गूज’ ही उपजात सापडली. ती नामशेष झाली असंच तोवर समजलं जात होतं. पक्ष्यांची वजनं इतकी भरली की आधी तराजूवरच शंका घेतली गेली. त्या काळी वीजघराच्या गरम पाण्यामुळे तळं हिवाळ्यातही गोठत नसे, म्हणून पक्षी इथे थांबायचे. आज राज्यात त्या इतक्या झाल्या आहेत की सप्टेंबरच्या सुरुवातीला, बदकांच्या हंगामाआधी, फक्त कॅनडा गूजसाठी वेगळा हंगाम असतो. त्यात एका माणसाला दिवसाला ५ पक्ष्यांची मुभा असते.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच उरला नाही, त्यामुळे घरात कुणी बंदूक हातात धरलेली नव्हती. ऑफिसमधला एक सहकारी लहानपणापासून गूजच्या शिकारीला जातो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या घरी जेवताना मी विचारलं, मला यायचं असेल तर काय करावं लागेल? तो म्हणाला, ‘आत्ता सुरुवात केलीस तर सप्टेंबरपर्यंत होईल.’ खरोखरच तेवढा वेळ लागला. तेव्हा आधी काय आणि नंतर काय हे सांगणारं कुणी मराठीत भेटलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. डिकॉयबद्दल, म्हणजे उडत्या पक्ष्यांना भुलवून खाली उतरवण्यासाठी शेतात मांडायच्या खोट्या पक्ष्यांबद्दल, जास्त लिहिणार आहे, कारण माझा जीव त्यातच गुंतला.

फेब्रुवारीत शिकारीच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू केला. ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात हे प्रमाणपत्र असल्याशिवाय बंदुकीने शिकार करण्याचा परवाना मिळत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमाचे पस्तीस डॉलरच्या आसपास पडले. रात्री मुलं झोपल्यावर एकेक धडा करत होतो. बंदुकीचे भाग, काडतुसांचे प्रकार, कुंपण ओलांडताना बंदूक कशी रिकामी करून ठेवायची, पक्षी ओळखणं, जमीनमालकाशी कसं वागायचं, असं सगळं त्यात आहे. माझ्यासारख्या अगदी नवख्याने मैदानी दिवस असलेला पर्याय घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. एप्रिलमधल्या त्या दिवशी चिखलात उभं राहून, खऱ्या वजनाची बंदूक हातात घेऊन, ‘आता चाप ओढायचा की नाही’ असे प्रश्न समोर आले आणि पुस्तकातलं ज्ञान अंगात उतरलं. माझ्या गटात बहुतेक बारा-तेरा वर्षांची मुलं होती. शिकवणारे सगळे स्वयंसेवक होते आणि एकाच प्रश्नाचं उत्तर तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे देत होते.

त्याच आठवड्यात आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली.

‘अरे, हंस मारणार तू?’

‘खाण्यासाठी, आई. कोंबडी आणतोच ना आपण.’

‘खाणार असशील तर ठीक आहे. पण मारलेलं टाकून देऊ नकोस.’

हा नियम मी लिहून ठेवल्यासारखा पाळला.

मे महिन्यात बंदूक घेतली. वापरलेली, छऱ्यांची, १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप) पंप अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर नळीखालची मूठ मागेपुढे ओढायची, तीनशे डॉलरच्या थोडी वर. दुकानात ४४७३ नावाचा सरकारी फॉर्म भरावा लागतो. नागरिकत्व कुठलं ते लिहायचं, ग्रीन कार्डवरचा क्रमांक लिहायचा आणि सध्याचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं. माझ्या लायसन्सवर नवा पत्ता होता म्हणून अडलं नाही. घर बदललं असेल तर ते काम आधी उरकून घ्या. मग एफबीआयच्या यंत्रणेत नाव तपासतात. माझं उत्तर लगेच न येता ‘डिलेड’ असं आलं. दुकानात चार लोकांसमोर हा शब्द ऐकताना पोटात गोळा येतो, पण तो नकार नव्हे. नावात साम्य असलं तरी असं होतं. कामकाजाचे तीन दिवस उलटले की दुकानदाराला बंदूक देण्याची कायद्याने मुभा असते, तरी काही दुकानं स्पष्ट होकार येईपर्यंत थांबतात. माझं दुकान थांबलं. पुढच्या आठवड्यात फोन आला.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणजे त्यांनी परवाना आधी काढायचा, बंदुकीला हात नंतर लावायचा, आणि त्याआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्यायचं. मित्राची बंदूक ‘जरा धरून बघतो’ म्हणण्याआधीही हे लक्षात असू द्या.

स्थलांतरी पक्ष्यांसाठी आणखी दोन नियम बंदुकीशी जोडलेले आहेत. तिच्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. त्यासाठी मॅगझिनमध्ये एक दांडी बसवतात, तिला प्लग म्हणतात. वापरलेली बंदूक घेतलीत तर प्लग आत आहे का ते उघडून बघा. आणि छर्रे शिशाचे चालत नाहीत. पाणपक्षी खडे गिळताना पडलेले छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून १९९१ पासून देशभर पोलादाचे किंवा अन्य बिनविषारी छर्रेच वापरावे लागतात. पोलाद हलकं असल्याने त्याचा जोर लवकर संपतो, त्यामुळे मोठे छर्रे घ्यायचे आणि लांबून मारायचं नाही. मी १२ गेजमध्ये बीबी आकाराचे घेतले. उन्हाळाभर मातीच्या चकत्यांवर सराव केला आणि पस्तीस यार्डांपलीकडे माझा भरवसा नाही हे ठरवून टाकलं. डिकॉय मांडताना हा आकडा फार उपयोगी पडला.

जुलैत परवाने काढले. राज्याचा स्मॉल गेम (लहान प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचा) परवाना २२ डॉलर, राज्याचा वॉटरफाउल (पाणपक्ष्यांचा) स्टॅम्प साडेसात डॉलर, संघराज्याचा डक स्टॅम्प २५ डॉलर, वर थोडं शुल्क. हे स्टॅम्प म्हणजे परवान्यासोबत घ्यायची तिकिटं. परवाना काढतानाच गेल्या वर्षी किती स्थलांतरी पक्षी मारले ते विचारतात. ती एचआयपीची (हार्वेस्ट इन्फर्मेशन प्रोग्रॅम) नोंदणी, उत्तर शून्य असलं तरी करावी लागते आणि परवान्यावर तसा उल्लेख हवा. डक स्टॅम्प १९३४ पासून आहे. त्याच्या पैशातून पाणथळ जागा विकत घेतल्या आणि राखल्या जातात. त्यावरचं चित्र दरवर्षी स्पर्धेतून निवडतात, आणि मिनेसोटाच्या हाउटमन बंधूंनी ती अनेकदा जिंकली आहे. आता इलेक्ट्रॉनिक स्टॅम्पही हंगामभर चालतो, तरी मी कागदी घेतला. कागदी असेल तर त्यावर शाईने सही केल्याशिवाय तो वैध होत नाही.

ऑगस्टमध्ये खरं काम सुरू झालं. शेतजमिनीवर, तिथे पाटी असो वा नसो, परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही. रविवारी दुपारी आम्ही गावाबाहेरच्या गोठेवाल्यांची दारं ठोठावली. दोघांनी नाही म्हटलं, एकाने आपल्या मुलांसाठी शेत राखून ठेवलं होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र आम्हाला ओसरीवर बसवून घेतलं. जूनमध्ये गीजनी (गूजचं अनेकवचन) त्याच्या सोयाबीनची कोवळी रोपं मुळापासून खुडली होती. त्याने मला विचारलं, कुठला? मी सांगितलं, शेती होती का तेही सांगितलं. मग बराच वेळ ऊस आणि मका यांवर बोलणं झालं. निघताना तो म्हणाला, मुरघासासाठी मका कापला की फोन करतो. गाडी कुठून आत घालायची, कुठल्या बाजूला ओल असते, शेणखत कधी टाकणार, हे सगळं आम्ही तेव्हाच विचारून घेतलं.

फोन आला तो हंगाम सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात. मका कापून दोन दिवस झाले होते. संध्याकाळी आम्ही रस्त्याच्या कडेला गाडीत बसून दुर्बिणीतून पाहिलं. चाळीस-पन्नास गीज शेतात उतरल्या होत्या. सहकारी म्हणाला, ‘मोजू नकोस. कशा बसल्यात ते बघ.’

या वाक्याने माझी नजर बदलली. पहिल्या नजरेत तो एक थवा दिसतो. जरा वेळ बघितलं की त्यात कुटुंबं दिसू लागतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला आई, बाप आणि त्या वर्षीची पिल्लं अजून एकत्रच हिंडत असतात. पाच जणांचं एक टोळकं, मग दहा-पंधरा पावलं मोकळी जमीन, मग सात जणांचं दुसरं. दोन टोळकी फार जवळ आली की एखादा नर मान जमिनीलगत ताणून धावून जातो आणि अंतर पुन्हा पडतं. बहुतेक माना खाली, धसकटांत दाणे शोधत. प्रत्येक टोळक्यात एखादीच मान ताठ. नव्याने येणारे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरत होते आणि दर वेळी मोकळी जागा निवडत होते. बसलेल्यांच्या डोक्यावरून खाली येणं ते टाळत होते. शेताच्या उत्तर भागात जमिनीला थोडा उंचवटा आहे, तिथेच सगळी गर्दी होती. अंधार पडून पक्षी पाण्याकडे परतल्यावर आम्ही आत गेलो. ताजी विष्ठा आणि पिसं पाहून जागा नक्की केली आणि फोनच्या नकाशावर खूण केली. शेतात कुणी मुद्दाम दाणे टाकलेले नाहीत ना, हेही पाहिलं. नेहमीच्या कापणीत सांडलेला मका चालतो. पक्षी यावेत म्हणून टाकलेलं धान्य असेल तर तिथे शिकार बेकायदेशीर, आणि ते उचलल्यानंतरही १० दिवस ती जागा वर्ज्य.

आता डिकॉय. जिवंत पक्षी बांधून ठेवायला १९३५ पासून बंदी आहे, त्यामुळे आज सगळे प्लास्टिकचे किंवा कापडाचे. फुल-बॉडी म्हणजे पूर्ण आकाराचा, कड्यावर उभा, वाऱ्याने किंचित हलणारा. डझनाला तीनशे डॉलर किंवा जास्त, आणि गाडीत भरपूर जागा खाणारा. शेल म्हणजे पाठीचा पोकळ भाग, एकात एक बसणारा. सिल्हूएट म्हणजे सपाट कापलेली आकृती, खाली खिळा. सहकाऱ्याकडे दीड डझन फुल-बॉडी होते, मी शंभर डॉलरच्या आत एक डझन सिल्हूएट घेतले. सपाट आकृती वरून फिरणाऱ्या पक्ष्याला क्षणभर दिसते, क्षणभर नाहीशी होते. त्यामुळे मांडणीत हालचाल असल्यासारखी वाटते. नवीन माणसाने यांच्यापासूनच सुरुवात करावी. डझनभर एका पिशवीत मावतात आणि अंधारात भराभर रोवता येतात. सुरुवातीच्या हंगामात शेकडो डिकॉयची गरजही नसते.

पहाटे चारला शेतात पोहोचलो. पक्ष्यांना वेळेआधी जाग येऊ नये म्हणून कपाळावर लाल दिवे लावले होते. दव इतकं होतं की पँट गुडघ्यापर्यंत भिजली. वारा आग्नेयेकडून, गालाला जेमतेम जाणवणारा. आधी ले-आउट ब्लाइंड मांडले. ही जमिनीलगतची, आत उताणं झोपायची कापडी चौकट असते. मुरघासाला मका बुडापासून कापतात, लपायला उंच काही उरत नाही, म्हणून ब्लाइंड लपवण्यातच आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. माझ्या नव्या ब्लाइंडला आदल्या दिवशी चिखल फासून वाळवला होता, नाहीतर नवं कापड उन्हात चकाकतं. मग त्याच शेतातली पानं आणि धसकटं पट्ट्यांत खोचली. बांधावरचं हिरवं गवत आणलं तर वरून ते ठिगळ दिसतं.

ब्लाइंड वाऱ्याकडे पाठ करून. पक्षी वाऱ्याला सामोरे उतरणार, म्हणजे वायव्येकडून आमच्या तोंडासमोर येणार, आणि उगवतीचं ऊन आमच्या पाठीशी, त्यांच्या डोळ्यांवर. समोर मी पस्तीस यार्ड पावलांनी मोजली आणि तिथे एक सिल्हूएट रोवला. त्याच्या पलीकडचा पक्षी सोडून द्यायचा, ही माझी खूण. मग दोन्ही बाजूंना दोन हात पसरल्यासारखे डिकॉय, वायव्येला उघडे. मधे अंगणाएवढी जागा पूर्ण मोकळी. तिचा मध्य आमच्यापासून वीस-पंचवीस यार्डांवर.

मला ही मोकळी जागाच मांडणीचा प्राण वाटते. हातात डिकॉय शिल्लक असतात, अंधारात समोर रिकामी जमीन दिसते आणि ती भरून टाकावीशी वाटते. ती भरली की पक्ष्याला उतरायला जागा उरत नाही. तो बाहेरच्या कडेला, माराच्या पलीकडे उतरतो. सहकाऱ्याने उरलेले चार सिल्हूएट सरळ पिशवीत परत ठेवले.

प्रत्येक हातात आम्ही आदल्या संध्याकाळी पाहिलेली कुटुंबं मांडली. एकात पाच, मग मोकळी जमीन, मग सहा, मग चार; दुसऱ्यात उरलेले, तशाच टोळक्यांत. एका कुटुंबातले डिकॉय दोन-तीन पावलांवर, दोन कुटुंबांत दहा-बारा पावलं. बहुतेक खाणारे, कडेला थोडेच ताठ मानेचे. सगळीकडे ताठ माना दिसल्या तर उडत्या पक्ष्याला खाली धोका आहे असंच वाटतं. तोंडं साधारण वाऱ्याकडे, पण सगळी एकाच रेषेत नाहीत. चरताना पक्षी वळतच असतो. शेवटी पंचाने एकेक पाठ पुसली. प्लास्टिकवर दव बसलं की पहिल्या उन्हात ते काचेसारखं चमकतं. ज्यांच्या डोक्यावर मखमलीसारखा थर असतो त्यांची डोकी चमकत नाहीत, म्हणून असे डिकॉय वाऱ्याच्या खालच्या टोकाला, येणाऱ्या पक्ष्याला आधी दिसतील असे ठेवले. गाडी दूर बांधाआड लावून आलो.

सूर्योदय साडेसहाच्या पुढे होता आणि कायद्याने त्याच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत शिकार करता येते. पण गीज बदकांसारख्या तांबडं फुटताच उडत नाहीत. सात वाजले तरी आकाश रिकामं. डास मात्र भरपूर. पाठीखाली गार जमीन, छातीवर बंदूक, सेफ्टी (चाप अडवणारा खटका) लावलेली. कोणी कुठल्या बाजूला मारायचं आणि ‘आता’ कोण म्हणणार हे आधीच ठरलं होतं. दोघं शेजारी झोपून बसते होणार असतात, तेव्हा या ठरवण्यावर जीव अवलंबून असतो.

पहिला आवाज आला तेव्हा छाती धडधडू लागली. सहकाऱ्याने काळा फ्लॅग दोन-तीनदा फडकवला, पंख पसरून उतरणारा पक्षी वाटावा असा. ते वळले. मग त्याने फ्लॅग खाली ठेवला आणि कॉलवर, म्हणजे गूजचा आवाज काढायच्या शिट्टीवर, हळू, तुटक आवाज काढले. सात पक्षी होते. एक फेरी, दुसरी फेरी, आणि मांडणीच्या उजव्या हातापाशी येऊन पुन्हा वर उठले. निघून गेले. पुढच्या टोळक्यानेही तेच केलं. सहकाऱ्याने मूठभर पिसं हवेत सोडली. वारा फिरला होता. आता तो दक्षिणेकडून, किंचित नैर्ऋत्येकडून येत होता. म्हणजे पक्षी उत्तरेकडून उतरायला बघत होते आणि त्या वाटेवर आमचा उजवा हात आडवा पडला होता. त्यावरून ते येणार नव्हते.

बंदुका रिकाम्या करून आम्ही धावतच उठलो. उजव्या हातातली दोन कुटुंबं उचलून डाव्या बाजूला, पाठीमागे नेली. मोकळी जागा उजवीकडे सरकली. ब्लाइंड जागेवरच ठेवले. पक्षी आता समोरून थेट न येता उजवीकडून आडवे येणार होते, आणि तसे आले की त्यांची नजर आमच्यावर रोखलेली नसते. सगळं हलवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. डिकॉय कमी असण्याचा हा मोठा फायदा.

त्यानंतर आलेलं टोळकं एकदाच फिरलं. मग पंख वाकले, पाय खाली आले, आणि जिथे काहीच मांडलेलं नव्हतं त्या जमिनीकडे ते येऊ लागले. इतक्या जवळून मी कधी गूजचा आवाज ऐकला नव्हता. पंखांतून हवा गेल्याची घरघरही ऐकू येत होती. ‘आता!’ मी बसता झालो, सगळ्यात जवळच्या पक्ष्यावर नजर ठेवली आणि चाप ओढला. तो सरळ खाली आला. बाकीचे उडून गेल्यावर मी बंदूक रिकामी केली, चालत गेलो आणि त्याला उचललं. हातात चांगलंच वजन भरलं, आणि अंग गरम होतं. आनंद होता, वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं होतं. सहकारी काही न बोलता जरा बाजूला उभा राहिला. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

साडेनऊला आम्ही थांबलो, मर्यादेच्या आतच. सप्टेंबरात दिवस लवकर तापतो, म्हणून पक्षी लगेच बर्फाच्या पेटीत घालायचे, पण एकमेकांवर दाबून रचायचे नाहीत. घरी पोहोचेपर्यंत डोकं किंवा पिसांसकट एक पंख अंगाला ठेवावा लागतो, म्हणजे जात ओळखता येते. पायात कडं आहे का तेही बघा. असल्यास त्यावरचा क्रमांक पक्षी-कडी नोंदवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर द्यायचा. आमच्या पक्ष्यांना नव्हतं. डिकॉयचा चिखल तिथेच झटकला, घरी पाण्याने धुऊन सावलीत वाळवले. ओले पिशवीत भरले तर मखमली थर सुटतो.

मांस गडद लाल असतं, कोंबडीपेक्षा बकऱ्याच्या जवळचं. छातीचे तुकडे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले आणि मांड्या खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर तीन तास शिजवल्या. आईला व्हिडिओ कॉलवर भांडं दाखवलं. तिने फक्त मीठ बरोबर आहे का विचारलं.

एक पक्षी शेतकऱ्यासाठी ठेवला होता. मारलेला पक्षी दुसऱ्याला देताना चिठ्ठी जोडावी लागते: शिकाऱ्याची सही, पत्ता, पक्ष्याची जात, संख्या, मारल्याची तारीख. ती जोडून संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. त्याने चिठ्ठी वाचली, पक्षी फ्रीजमध्ये ठेवला आणि सांगितलं की दक्षिणेकडचा तुकडा गुरुवारी कापायला घेतोय, शेणखत त्यानंतरच्या सोमवारी टाकेल, तर यायचं असेल तर मधल्या शनिवारी या आणि गाडी या वेळी पूर्वेच्या फाटकातून घाला.